तीन ओळींत तथ्यं

वहीवरचा शेरा माझाच होता. हिरव्या शाईत, दहापैकी नऊ, आणि खाली 'नेमकं लिहिलंय'. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीची वही. गठ्ठ्यात मधेच कुठेतरी होती. सहा वाजून गेले होते, स्टाफरूमचा पंखा प्रत्येक फेरीला टक् करत होता आणि मला घरी जायची घाई होती. केस ब्रीफ लिहून आणायला सांगितलं होतं: तथ्यं, मुद्दे, निर्णय, कारणं. तथ्यं तीन ओळींत, ही माझी अट. इतक्या वर्षांत ती अट मी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहिली आहे आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. या मुलीनं ती तंतोतंत पाळली होती. 'मजुरी करणारी मुलगी, वय १४ ते १६. रात्री पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. अंगावर जखमा नाहीत.' एक शब्द इकडेतिकडे नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, डोळे मिटले, आणि ती तिसरी ओळ परत आली. अंगावर जखमा नाहीत. ओळ खोटी नव्हती, निकालपत्रात तसंच म्हटलेलं आहे. पण एवढ्या मोठ्या हकिकतीतून तीनच गोष्टी ठेवायच्या, तर हिनं हीच का ठेवली? दोन थांबे गेल्यावर लक्षात आलं की तिनं ठेवलीच नव्हती. मी ठेवायला शिकवली होती. 'निकाल ज्या तथ्यावर फिरतो तेवढंच लिहा, बाकी सगळं गाळा.' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की त्याचा अर्थ माझ्याच कानाला ऐकू येईनासा झाला होता.

केस कुठली ते वकिली शिकलेल्यांनी एव्हाना ओळखलं असेल. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लॉ रिपोर्टमध्ये केसचं नाव तेवढंच, म्हणजे आरोपीचं. बोलताना मात्र सगळे त्या मुलीच्याच नावानं ती केस ओळखतात. वर्गात, सेमिनारमध्ये, पेपरांच्या शीर्षकांत. ते नाव मी इथे लिहीत नाही. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं कलम याच केसमुळे उठलेल्या गदारोळानंतर, १९८३ साली, कायद्यात आलं. तोवर तिचं नाव देशभर झालं होतं. ज्या कलमाला जन्म द्यायला तिचं नाव खर्ची पडलं, त्या कलमाचा आडोसा तिला स्वतःला मिळाला नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं माना डोलावतात आणि वहीत लिहितात: '१९८३. कलम २२८-अ.' तेही तीन शब्दांतच.

मी स्वतः शिकले तीही अशीच. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या भिंतीला एआयआरचे, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निकालसंग्रहाचे, खंड होते, नागपुरातून छापून येणारे, जाडजूड, पाठीवर सोनेरी आकडे. उन्हाळ्यात त्या भिंतीला एक वास सुटायचा. खळ, धूळ आणि कसरीनं खाल्लेला कागद. पानं पातळ, अक्षर बारीक, आणि निकाल सुरू व्हायच्या आधी हेडनोट. हेडनोट म्हणजे आमचं अमृत. चाळीस पानांचा निकाल अर्ध्या पानात. मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटीच्या खटल्याच्या, आदल्या रात्री आम्ही हेडनोटच पाठ करायचो आणि सकाळी उसन्या काळ्या कोटात उभं राहून 'विथ ग्रेट रिस्पेक्ट, माय लॉर्ड' म्हणत ते घडाघडा ओतायचो. एकदा परीक्षक म्हणून आलेल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी मला मधेच अडवून विचारलं होतं, 'या केसमधला वादी करतो काय? पोटापाण्याचा धंदा काय त्याचा?' मला माहीत नव्हतं. हेडनोटमध्ये नव्हतं ते. 'बसा,' म्हणाले. माझी अजून चार मिनिटं उरली होती.

आम्हाला शिकवलेल्या केसेसमधली माणसं आठवायला बसले की गंमत वाटते. माणसं नाहीतच, वस्तू आठवतात. डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन म्हटलं की गोगलगाय. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईंनी कॅफेत बसून जिंजर बिअर प्यायली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, आणि १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यावरून निष्काळजीपणाचा अख्खा आधुनिक कायदा उभा केला. जगभर लॉच्या पहिल्या वर्षाला ती गोगलगाय भेटते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जिंजर बिअर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, पण गोगलगाय पक्की. मुलांना मी फार उशिरा सांगते की ती गोगलगाय बाटलीत खरंच होती की नाही हे कुठल्याच कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. 'असं झालं असं गृहीत धरलं तर' एवढ्यावरच तो निकाल आहे, पुढे तडजोड झाली. मुलं हसतात. मीही हसते. साक्षीपुराव्याला कधीच न टेकलेली गोगलगाय नव्वद वर्षं टिकली, आणि बाटली हातात धरलेल्या बाई गरीब होत्या, दावा लावायलाही त्यांच्याकडे पैसे नव्हते, हे कुणाच्या वहीत नसतं.

या सगळ्याचं खापर मी पूर्वी हार्वर्डच्या लँगडेलवर फोडायचे. १८७० साली तो तिथल्या लॉ स्कूलचा डीन झाला आणि व्याख्यानं बाजूला सारून निकालपत्रं वाचून कायदा शिकवायची पद्धत त्यानं आणली. त्याच्या लेखी लायब्ररी हीच वकिलाची प्रयोगशाळा. कायद्याचं सगळं साहित्य छापील पुस्तकांत आहे, बाहेर बघायची गरज नाही. हे सांगताना मला बरं वाटायचं, कारण दोष समुद्रापलीकडे ठेवता यायचा. हल्ली तसं करवत नाही. कारण माणसाला एका ओळीत बसवायचं काम मी लँगडेलचं नाव ऐकायच्या कितीतरी आधी घरात पाहिलं होतं.

अण्णा तालुका कोर्टात कारकून होते.

त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाक धरून धरून घट्टा पडला होता. मी लहानपणी तो दाबून बघायचे. रोजनामा लिहायचं काम त्यांचं. सुट्टीत मी डबा घेऊन कोर्टात जायचे तेव्हा ते लिहिताना दिसायचे, मान खाली, चष्मा नाकाच्या टोकावर, शेजारी लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांची उतरंड. 'फिर्यादी हजर. आरोपी क्र. २ गैरहजर. साक्षीदार हजर, तपासणी नाही. पुढील तारीख.' अक्षर मोत्यासारखं. इतक्या माणसांचं इतकं भांडण, आणि अण्णांच्या हाताखालून ते गेलं की असं सपाट, शांत होऊन जायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आमचे अण्णा सगळा गोंधळ दोन ओळींत बसवतात!

पण रात्री जेवताना अण्णा वेगळंच बोलायचे. 'आज ती जमिनीच्या वादातली म्हातारी आली होती. तिसऱ्या खेपेला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. पुकारा झाला तर उठताच येईना तिला.' आई विचारायची, 'मग?' अण्णा म्हणायचे, 'मग काय, तारीख.' आणि भाकरीचा तुकडा मोडायचे. म्हातारी रोजनाम्यात 'वादी हजर' होती. दोन वेगवेगळ्या चपला आमच्या ताटांशेजारी आल्या होत्या. अण्णांनी त्या कधी लिहिल्या नसत्या. लिहिल्या असत्या तर साहेबांनी झापलं असतं, आणि बरोबरच झापलं असतं. रोजनामा म्हणजे काही कादंबरी नव्हे. पण अण्णांना आपण काय गाळतोय ते माहीत असायचं. गाळलेलं ते घरी घेऊन यायचे. माझ्या विद्यार्थिनीनं काय गाळलं हे तिला माहीत होतं का? तिनं निकालपत्र मुळातून वाचलं होतं का, की कुठल्या तरी ॲपवरचा सारांश?

घरी पोचल्यावर मी तो निकाल परत वाचायला घेतला. खरं सांगते, कित्येक वर्षांनी. शिकवायला लागणारे परिच्छेद तेवढे बघायची सवय झाली होती. निकाल मोठा नाही. आणि सगळं आहे त्यात. मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. भावानं केलेल्या तक्रारीवरून सगळ्यांना ठाण्यात बोलावलेलं. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजून गेले. मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन या, असं सांगून सगळ्यांना जायला सांगितलं. बाकीचे बाहेर पडले, मुलीला थांबवून घेतलं. मग ठाण्यातले दिवे गेले आणि दार आतून लागलं. बाहेर तिची माणसं उभी, तिला हाका मारताहेत. हे सगळं त्याच कागदांत छापलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. का, तर अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे कडवा प्रतिकार केल्याची गोष्ट खोटी, म्हणजे सगळं राजीखुशीनं. निकाल त्या तथ्यावर फिरला. म्हणून ते तथ्य 'महत्त्वाचं'. म्हणून ते माझ्या विद्यार्थिनीच्या तिसऱ्या ओळीत. आणि आतून लावलेल्या दारावर काहीच फिरलं नाही, म्हणून दार कुणाच्याच वहीत नाही.

निकाल ज्या डोळ्यांनी बघतो तेच डोळे आपण तीन ओळींच्या नावाखाली मुलांना बसवून देतो, हे मला एवढ्या उशिरा कळावं!

या निकालानंतर बरोबर एक वर्ष आणि एक दिवसानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्या पत्राचा इतिहास सगळीकडे सांगितला जातो: मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, बलात्काराविरोधी फोरम उभा राहिला, लॉ कमिशनचा अहवाल आला, १९८३ ची दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीतली बाई 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात म्हणाली की संमती नव्हती असंच कोर्टानं धरायचं, हे गृहीतक तेव्हा पुरावा कायद्यात घुसलं. आज नव्या साक्ष अधिनियमात ते कलम १२० म्हणून बसलं आहे. हे सगळं मी दरवर्षी शिकवते. त्या रात्री मात्र पत्र वाचताना मला वेगळीच गोष्ट दिसली. त्या चौघांकडे नवा पुरावा काहीच नव्हता. कुणी देसाईगंजला जाऊन नवा साक्षीदार शोधून आणला नव्हता. छापलेला निकाल त्यांनी नुसता वाचला होता, पण नीट, आणि त्यातली गाळली गेलेली तथ्यं परत उचलून टेबलावर ठेवली होती. ठाण्यात बोलावलेली पोर, गरीब, वयानं लहान, समोर वर्दी. या तथ्यांवरून ती मुकाट राहिली एवढंच दिसतं, ती राजी होती हे कुठून काढलंत? संमतीत मुकाट राहणं असू शकतं, पण मुकाट राहिली म्हणजे संमती होते असं नाही. पत्र अगदी थोड्या पानांचं आहे. हल्ली आमच्याकडे कुणी संशोधनाचा सिनॉप्सिससुद्धा एवढा छोटा स्वीकारणार नाही.

संशोधन म्हटलं की आमच्या विभागात पहिला प्रश्न येतो: डॉक्ट्रिनल की नॉन-डॉक्ट्रिनल? म्हणजे पुस्तकांतलं की माणसांतलं. एलएलएमच्या डिझर्टेशनला मी मोठ्या हौसेनं माणसांतलं घेतलं होतं. पोटगीच्या दाव्यांतल्या बायकांसाठी प्रश्नावली केली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, बायकांना बाकावर बसवून मी टिका मारून घ्यायचे. एका बाईनं माझा कागद उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, 'ताई, यात माझं उत्तरच नाही.' मी म्हटलं, जवळातलं जवळ असेल ते सांगा. तिनं 'सहमत' सांगितलं. मी टिक केली. तिचं उत्तर काय होतं ते मी विचारलं नाही. माझे फॉर्म अजून भरायचे होते आणि गाइडनी शंभर सांगितले होते. त्या डिझर्टेशनला चांगले मार्क मिळाले, व्हायवाला पाय-चार्टचं कौतुक झालं. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. बांधून आलेली प्रत त्यांनी दोन दिवस वाचली. भाषा छान आहे म्हणाले. मग थोडं थांबून, 'पण एकही बाई भेटली नाही गं यात.' मी त्यांच्यावर चिडले होते. रिसर्च असा असतो अण्णा, म्हटलं होतं. घरातल्या कुणावर आपण ज्या आवाजात ओरडतो, त्या आवाजात.

म्हणजे माणसांत जाऊनही माणूस गाळता येतो, आणि लायब्ररीतल्या छापील पानातूनही तो परत आणता येतो. फरक कशात आहे याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं तर मी ते मेथडॉलॉजीच्या पेपरात शिकवलं असतं. तूर्त आम्ही तिथे फुटनोट कशी द्यायची ते शिकवतो, आणि उचलेगिरी पकडणारा साम्याचा अहवाल दहा टक्क्यांच्या आत कसा आणायचा ते मुलं आपापलं शिकतात.

तीन ओळींची अट वाईट आहे असंही मला म्हणवत नाही. उद्या ही मुलगी वकील झाली, एखाद्या सकाळी बोर्डावर साठ मॅटर असतील आणि न्यायाधीश 'थोडक्यात सांगा' म्हणतील, तेव्हा तिला थोडक्यातच सांगता आलं पाहिजे. जामिनाच्या अर्जावर जो वकील पाल्हाळ लावतो त्याचं अशील आतच राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन ओळींत एखाद्याला सोडवून आणता येतं. मी ते शिकवलं नाही तर मुलं मलाच शिव्या देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

दोन दिवसांनी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती दारातच थबकली. 'मॅडम, काही चुकलं का?' नाही म्हटलं, बस. वही तिच्यापुढे ठेवली. विचारलं, निकाल पूर्ण वाचला होतास? तिनं मान हलवली, वाचला होता, दोनदा. ॲपवरचा सारांश नव्हे, अख्खा. मला बरं वाटलं आणि स्वतःच्या संशयाची थोडी लाजही वाटली. मग म्हटलं, समज, तुला आणखी एक ओळ दिली. चौथी. काय लिहिशील? तिनं जराही विचार केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. 'दार आतून लावलं होतं,' ती म्हणाली. 'दिवे पण घालवले होते. पण मॅडम, कोर्टानं त्यावर काही धरलं नाही ना, म्हणून मी ते घेतलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, जे लागत नाही ते गाळायचं.'

म्हणजे दार तिच्याबरोबरही घरी गेलं होतं.

'लिही आता,' मी म्हटलं. 'चालेल?' 'लिही.' ओळींमध्ये जागा नव्हती, म्हणून तिनं समासात उभं लिहिलं, वही आडवी धरून, बारीक अक्षरात. लिहून झाल्यावर वही सरळ केली आणि वरून खालपर्यंत एकदा वाचली. तथ्यं, मुद्दे, निर्णय, कारणं. कारणांपाशी थांबली. पेन्सिलीचं टोक तिनं तिथे टेकवलं.

'मॅडम, आता खालचा निर्णय जुळत नाही.'

'हो.'

'मग बदलू का?'

'निकाल कसा बदलशील? तो तसाच आहे.'

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर पुढच्या तासाची बेल झाली, व्हरांड्यात पोरांचा गलका उठला. 'मग असंच ठेवू?' तिनं विचारलं. असंच ठेव, म्हटलं. तिनं वही मिटली, ओढणीचं टोक सावरलं आणि जाता जाता दारातून वळून विचारलं, 'मार्क तेच राहतील ना?'